भूकंप की अणुचाचणी? घरच्या लॅपटॉपवर तपासायची रीत

५ ऑक्टोबर २०२४ ला इराणच्या सेमनान प्रांतात साडेचारच्या आसपास रिश्टरचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत आमच्या अमळनेरच्या ग्रुपवर निकालही लागला होता: इराणनी बॉम्ब फोडला, भूकंपाच्या नावाखाली दडपताय. मे २०२५ मध्ये पाकिस्तानात धक्के नोंदले गेले तेव्हा तर विचारूच नका. नकाशे, बाण, लाल गोल, सगळं तयार. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून अशा दिवशी फोन माझ्याकडे येतात. “सर, खरं का हो?”

फोनवर मी एवढंच सांगतो की संध्याकाळी घरी या, लॅपटॉपवर बघू. ज्या यंत्रांच्या नोंदींवरून जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ हा निवाडा करतात, त्यांतल्या पुष्कळ नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ना ओळखपत्र लागतं, ना कुणाची शिफारस. नेहमी येणाऱ्यांना रीत पाठ झाली आहे. बाकीच्यांसाठी ती इथे लिहून ठेवतो.

लागतं काय? साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यावर चालणारी ‘ऑब्सपाय’ नावाची लायब्ररी. ही म्युनिकच्या विद्यापीठातल्या लोकांनी सुरू केली आणि ती मोफत आहे. बारावीला आयटी घेतलेलं पोरगं घरात असेल तर त्याला बसवा, अर्ध्या तासात तो बसवून देईल. कोडिंगचा कंटाळा असलेल्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही, कारण बघायचं काय हे कळणं जास्त महत्त्वाचं.

आधी बार समजून घ्या

माझे मामा पारोळा तालुक्यात विहिरींचं ब्लास्टिंग करायचे. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, काळ्या दगडात होल मारायचे, तोटे भरायचे, वाती जोडायच्या आणि सगळ्यांना लांब पिटाळायचं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की आपण कुठल्या बाजूला पळायचं. ते म्हणाले, “कोठेबी पय. चारी बाजूले सारखा दणका बसस.”

या विषयातलं निम्मं फिजिक्स त्या उत्तरात आहे. स्फोट खडकाला सगळ्या दिशांनी बाहेर ढकलतो. त्यामुळे भोवतालच्या प्रत्येक यंत्रावर जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेनं उमटते आणि पुढे-मागे दाबत जाणारी लाट, म्हणजे पी लाट, जोरकस निघते. भूकंपात तसं नसतं. तिथे भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. काही दिशांना ढकललं जातं, काही दिशांना ओढलं जातं, आणि बहुतेक जोर आडव्या हिसक्यात जातो. म्हणून भूकंपात आडवी एस लाट आणि तिच्यासोबत कवचात घुमत येणाऱ्या लाटा दांडग्या असतात, पी त्यामानानं किरकोळ.

लॅपटॉपवर आपण हेच तपासणार आहोत: पी केवढी आणि मागून येणारी एस केवढी. भूगर्भातल्या चाचण्या शोधायच्या खटाटोपात साठेक वर्षांपासून हाच प्रश्न फिरून फिरून येतो.

वेळ आणि ठिकाण

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाची, म्हणजे यूएसजीएसची, भूकंपांची यादी उघडा. तारीख, किमान तीव्रता आणि नकाशावर चौकट, एवढं भरलं की घटना समोर येतात. आपल्या देशातल्या आणि आजूबाजूच्या धक्क्यांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आहे, त्यांचं ‘भूकंप’ (BhooKamp) नावाचं ॲपही आहे. सातपुड्याकडे थोडं हाललं तरी मी आधी तिथे बघतो.

दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. पहिलं, वेळ. सगळ्या नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे. सेमनानचा भूकंप तिकडे ५ तारखेच्या रात्री झाला तेव्हा आपल्याकडे ६ तारीख लागली होती. तारीख चुकली की भलत्याच दिवसाचा रेकॉर्ड उतरतो आणि मग ‘काहीच दिसत नाही, डेटा लपवला’ अशी नवी बोंब.

दुसरं, खोली. यादीत खोली १० किलोमीटर लिहिलेली दिसली की ती मोजलेली आहे असं धरू नका. उथळ भूकंपाची खोली नीट ठरत नसेल तर यूएसजीएस १० हा आकडा गृहीत धरून पुढचं गणित करते. म्हणून ‘सगळे धक्के बरोब्बर दहा किलोमीटरवरच कसे?’ या मेसेजमध्ये काही राम नाही. खोली पक्की मोजली गेली असेल तर मात्र ती फार उपयोगाची. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोलाचं, १२ किलोमीटरच्या थोडं पुढे गेलंय, तेही वीतभर रुंदीचं. अणुचाचण्या तीन किलोमीटरच्या आतच झाल्यात. एखादा धक्का २५-३० किलोमीटर खोल होता हे ठरलं की चर्चा संपली. आपल्याकडे हे लागू पडतं: १९३८ चा सातपुड्यातला आणि १९९७ चा जबलपूरचा, दोन्ही भूकंप तीस किलोमीटरहून खोल होते.

रेकॉर्ड उतरवणे: एक डोंगर, एक यंत्र, दोन तारखा

सराव नेहमी खात्रीच्या घटनेवर करावा. सगळ्यात चांगली जोडी उत्तर कोरियाची आहे.

३ सप्टेंबर २०१७ ला यूटीसी ०३:३० वाजता, आपल्याकडे सकाळचे नऊ, पुंग्ये-री इथल्या मांताप डोंगराखाली उत्तर कोरियानं सहावी अणुचाचणी केली. यूएसजीएसनं तीव्रता ६.३ दिली. मग २३ सप्टेंबरला यूटीसी ०८:२९ वाजता त्याच परिसरात साडेतीनच्या आसपासचा धक्का नोंदला गेला. चीनच्या भूकंप केंद्रानं आधी ‘स्फोटाचा संशय’ असं जाहीर केलं, दक्षिण कोरियानं नैसर्गिक म्हटलं, पुढे चीननंही मत बदललं. म्हणजे जाणकारांनाही पहिल्या तासात ठामपणे सांगता आलं नव्हतं. आपण दोन्ही बाजूबाजूला ठेवून बघायचे.

यंत्र कुठलं? चीनच्या ईशान्येला मुदानजियांग नावाचं शहर आहे. तिथलं स्टेशन पुंग्ये-रीपासून सुमारे ३७० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई ते अमळनेर एवढं. चीन आणि अमेरिका यांनी मिळून उभारलेल्या जाळ्यातलं ते स्टेशन आहे. राजकारणात दोघांचं काय चालतं ते आपण बघतोच, पण या स्टेशनाचा डेटा तुमच्या-माझ्यासाठी अमेरिकेतल्या ‘अर्थस्कोप’च्या साठ्यात पडून आहे. पूर्वी याच साठ्याला ‘आयरिस’ म्हणत.

ऑब्सपायला सहा गोष्टी द्याव्या लागतात: जाळ्याचं नाव ‘आयसी’, स्टेशन ‘एमडीजे’, जागेचा क्रमांक ‘००’, चॅनेल ‘बीएचझेड’, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ. अक्षरं अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. चॅनेलच्या नावात शेवटचा झेड म्हणजे उभी हालचाल, आपल्याला तीच हवी. पहिल्या तारखेसाठी ०३:२९ ते ०३:४२ घ्या, दुसऱ्यासाठी ०८:२९ ते ०८:३४. दोन्ही फाइल नीट नावं देऊन ठेवा.

आता फिल्टर. नुसता रेकॉर्ड काढला तर चाचणीच्या चित्रात पृष्ठलाटा, म्हणजे जमिनीच्या वरच्या थरातून पसरणाऱ्या संथ, मोठ्या लाटा, सगळी जागा खातात आणि फरक दिसत नाही. जलद कंपनं हवीत. २ ते ८ हर्ट्झचा बँडपास लावा, म्हणजे सेकंदाला २ ते ८ वेळा होणारी कंपनंच तेवढी उरतात. आधी सरळ रेषेतला कल काढून टाका आणि रेकॉर्डची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा, म्हणजे फिल्टर कडेला खोटे झटके दाखवत नाही. प्रत्येक चित्र त्याच्या स्वतःच्या सगळ्यात उंच टोकाला एक धरून काढा. एक घटना ६.३ ची आणि दुसरी साडेतीनची. उंचीची तुलना करून उपयोग नाही, आपल्याला एकाच चित्रातलं पी आणि एसचं प्रमाण हवंय.

आणि बघा. चाचणीच्या चित्रात घटनेनंतर पाऊण-एक मिनिटानं पी येते, भिंतीसारखी उभी. मग ती ओसरत जाते. एस यायच्या वेळेला, पावणेदोन मिनिटांच्या सुमारास, फुगवटा असतो पण तो पीपुढे लहानच. २३ तारखेच्या चित्रात उलटं. पी चिमूटभर, आणि मागून येणारा फुगवटा चित्र व्यापून टाकतो. पहिल्यांदा हे दोन्ही मी प्रोजेक्टरवर लावले तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी तास संपायची वाट बघत असतो, तोच पहिला ओरडला, “सर, हाई तं उलटं शे!” मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

पहिल्या चित्रात आणखी शोधा. चाचणीनंतर साडेआठ मिनिटांनी त्याच ठिकाणी चारच्या आसपासचा आणखी एक धक्का बसला होता. स्फोटानं झालेली पोकळी वा तिच्या वरचा खडक ढासळला असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मुदानजियांगला तो ०३:३९ नंतर पोचतो. खडक ढासळला की वस्तुमान खाली जातं, म्हणून त्याचा ठसा स्फोटापेक्षा वेगळा निघतो. इथे फिल्टर बदलून बघा, संथ लाटा ठेवा आणि जलद काढा. यात एक संध्याकाळ सहज जाते.

एका यंत्रावर निकाल देऊ नका

वरचा भाग करून झाला की पोरांना वाटतं आपण तज्ज्ञ झालो. मग मी त्यांना १९९७ ची गोष्ट सांगतो. १६ ऑगस्टला रशियाच्या उत्तरेला, नोवाया झेमल्या बेटांजवळ, एक लहान धक्का नोंदला गेला. ती बेटं म्हणजे सोव्हिएत काळातलं चाचण्यांचं मैदान. सर्वंकष चाचणीबंदी करारावर सह्या होऊन वर्षही झालं नव्हतं. वॉशिंग्टनमधून संशयाच्या बातम्या सुटल्या. पण वेगवेगळ्या देशांतल्या स्टेशनांवरच्या वेळा जुळवल्यावर जागा निघाली मैदानापासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर, कारा समुद्राच्या तळाशी. पी आणि एसचं प्रमाणही भूकंपासारखं होतं. एका बाजूच्या यंत्रांवर भरवसा ठेवला असता तर भांडण वाढलं असतं.

म्हणून पुढची पायरी: घटनेभोवती चारी बाजूंची स्टेशनं घ्या. पुंग्ये-रीसाठी उत्तरेला मुदानजियांग, पश्चिमेला बीजिंग (बीजेटी), दक्षिणेला कोरियातलं इंचॉन (आयएनसीएन), आग्नेयेला जपानचं मात्सुशिरो (एमएजेओ), लांब वायव्येला मंगोलियाचं उलानबातार (यूएलएन). चीनमधली दोन ‘आयसी’ जाळ्यात, बाकीची ‘आययू’ जाळ्यात. प्रत्येकावरची पहिली हालचाल वर की खाली ते बघा. सगळीकडे वर असेल तर मामांचा बार. काही वर, काही खाली, तर भूकंप. लहान घटनेत गोंगाटामुळे पहिली हालचाल दिसतच नाही, तेव्हा जबरदस्तीनं शोधू नका.

या पाचच नावांत चीन, दक्षिण कोरिया, जपान, मंगोलिया असे देश आले, आणि पैसा-यंत्रं मोठ्या प्रमाणात अमेरिकेची. कोणत्याही एका देशाच्या हद्दीत हे वर्तुळ पूर्ण होत नाही. चाचणी करणारा देश आपल्या डोंगराजवळ यंत्र ठेवू देणार नाही, मग शेजाऱ्यांनीच ठेवायची आणि एकमेकांना दाखवायची, ही या सगळ्या व्यवस्थेमागची साधी गरज.

तिची सुरुवात १९५८ ची. त्या उन्हाळ्यात जिनेव्हात पूर्व आणि पश्चिम गटांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि चाचण्या दुरून ओळखता येतील का यावर वाद घातला. पुढे जमिनीखालच्या चाचण्यांच्या तपासणीवर एकमत झालं नाही, म्हणून १९६३ च्या करारात हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली, जमिनीखालच्या सुटल्या. मग १९७६ मध्ये जिनेव्हातच शास्त्रीय तज्ज्ञांचा गट नेमला गेला. स्वीडनचे ओला डालमन पुढे बरीच वर्षं त्याचे अध्यक्ष होते. या गटानं देशोदेशींच्या नोंदी एकत्र करायच्या तालमी केल्या. तिसरी मोठी तालीम १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. म्हणजे २४ सप्टेंबर १९९६ ला सर्वंकष चाचणीबंदी करार सहीसाठी खुला झाला तेव्हा यंत्रणा कागदावर नव्हती, चालू होती.

आज व्हिएन्नात त्या कराराच्या संघटनेचं डेटा केंद्र आहे. योजनेत ३२१ स्टेशनं आणि १६ प्रयोगशाळा. त्यांत भूकंपाची ५० मुख्य आणि १२० पूरक, समुद्रातले आवाज ऐकणारी ११, कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारी ६०, हवेतले किरणोत्सारी कण टिपणारी ८०. करार मात्र अजून अमलात आलेला नाही. ज्या ४४ देशांची मान्यता लागते त्यांतले भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण, इजिप्त यांनी सही केली पण मान्यता दिली नाही. रशियानं दिलेली मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. भारताचं म्हणणं १९९६ मध्ये आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी जिनेव्हात स्पष्ट मांडलं होतं: अण्वस्त्रधारी देश नि:शस्त्रीकरणाची मुदत ठरवत नाहीत तोवर आम्ही सही करणार नाही.

मग वर्गात प्रश्न येतोच: सही नाही तर डेटा कसा मिळतो? व्हिएन्नाचा पूर्ण डेटा आपल्याला थेट मिळत नाही, तो सदस्य देशांना जातो. पण संशोधनासाठीची खुली जाळी वेगळी आहेत आणि काही स्टेशनं दोन्हीकडे नोंद देतात. आपण त्या खुल्या दारानं आत शिरलोय. आणि भारत या कामात नवखा मुळीच नाही. कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं भूकंपमापकांचं एक मोठं मांडण आहे, ब्रिटनच्या सहकार्यानं उभं राहिलेलं. वीस यंत्रं, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या दोन हातांवर पसरलेली. लांबून आलेली लाट प्रत्येक यंत्रावर थोड्या थोड्या उशिरानं पोचते. तेवढा उशीर वजा करून सगळ्यांची बेरीज केली की खरी लाट वाढते आणि गोंगाट एकमेकांना मारून टाकतो. असंच मांडण स्कॉटलंडला एस्कडेलमूर, कॅनडात यलोनाइफ आणि ऑस्ट्रेलियात वारामुंगा इथे आहे.

आपल्यावरही हे उलटलं, ते सांगितलं पाहिजे. ११ मे १९९८ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास पोखरणला झालेला स्फोट पाकिस्तानातल्या निलोर स्टेशनावर उमटला, साधारण ७४० किलोमीटरवरून. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेनं तो रेकॉर्ड जवळच्या भूकंपाच्या रेकॉर्डशेजारी ठेवून दाखवला. वर आपण केलं तेच. १३ मेच्या लहान चाचण्या मात्र तिथे दिसल्या नाहीत. दुरून बघायलाही मर्यादा आहे.

किलोटनाचा आकडा विचारला तर

ग्रुपवर पुढचा प्रश्न ठरलेला: बॉम्ब केवढा होता? इथे सावध राहा. तीव्रतेवरून किलोटन, म्हणजे स्फोट किती हजार टन टीएनटीएवढा होता ते, काढायची सूत्रं आहेत. जुन्या, थंड, कठीण खडकासाठी, म्हणजे कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कसारख्या ठिकाणी, तीव्रता = ४.४५ + ०.७५ × किलोटनांचा लॉग. नेवाडासाठी ३.९२ + ०.८१ × लॉग. आता ५.२ तीव्रता दोन्हींत घालून बघा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. पहिलं सूत्र १० किलोटन देतं. दुसरं सुमारे ३८. धक्का तोच, खडक बदलला, बॉम्ब जवळजवळ चौपट. मामांना हे सूत्राशिवाय माहीत होतं: “मुरूममा बार दिधा तं नुसता फुस्स, काया दगडमा दिधा तं गाव हालस.”

पोखरणच्या आकड्यांवरून देशी आणि परदेशी शास्त्रज्ञांमध्ये जो वाद झाला, आणि २००९ मध्ये त्या चाचण्यांत सहभागी असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांच्या वक्तव्यानं पुन्हा पेटला, त्यात ही खडकाची बाब मोठी होती. २०१७ च्या कोरियन चाचणीला नॉर्वेच्या ‘नॉरसार’ संस्थेनं आधी १२० किलोटन म्हटलं, नंतर २५० केलं. आयुष्यभर हेच काम करणारी माणसं दुप्पट सरकतात, तेव्हा ग्रुपवर एकच आकडा ठणकावून टाकणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

पृष्ठलाटांची तीव्रता आणि पीची तीव्रता यांची तुलना करायचीही जुनी पद्धत आहे. स्फोटात पृष्ठलाटा दुबळ्या असतात असा तिचा आधार. कोरियाच्या चाचण्यांत त्या अपेक्षेपेक्षा मोठ्या निघाल्या आणि भूकंप-स्फोट वेगळे करणारी रेघ सरकवावी लागली. नवशिक्यानं तिच्या नादी लागू नये.

घरी यंत्र बसवायचं असेल तर

‘रास्पबेरी शेक’ नावाचं छोटं भूकंपमापक मिळतं, पनामातल्या लोकांनी बनवलेलं. हौस म्हणून जरूर घ्या, पण त्यानं कोरिया दिसेल ही आशा धरू नका. अमळनेरला सुरत-भुसावळ लाइनवरून मालगाडी गेली की पडद्यावर नुसतं गवत उगवतं. तळमजल्यावर, फरशी थेट जमिनीवर असेल अशा कोपऱ्यात ठेवा; फ्रिज, कूलर आणि पाण्याची मोटर यांपासून लांब. काळ्या मातीत बांधलेल्या घरापेक्षा खडकावरचं घर चांगलं. रात्री दोन ते चारमधल्या नोंदी सगळ्यात स्वच्छ. खाणीतले बार पकडायला ते छान आहे: खाणीत एका ओळीतले सुरुंग काही मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवतात, त्यामुळे कंपनांच्या वारंवारतेच्या आलेखात ठरावीक अंतरावर पट्टे दिसू शकतात. एकदाच उडवलेल्या मोठ्या स्फोटात ते नसतात.

साक्रीकडच्या वाचकांसाठी एक गंमत. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या जमिनीतही कंपनं सोडतात. एस्कडेलमूरच्या यंत्रांना त्रास नको म्हणून ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं तिथल्या भोवतालच्या पवनचक्क्यांवर वर्षानुवर्षं बंधनं घातली आहेत. तेव्हा त्या पठाराजवळ शेक बसवला तर वारा सुटल्याची बातमी तुम्हाला यंत्रावर आधी कळेल.

कोरियातली लाट आपल्याकडे कधी पोचली हे मात्र घरबसल्या काढता येतं. ऑब्सपायमध्येच लाटांच्या प्रवासाचं गणित आहे. पुंग्ये-री ते जळगाव साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास, आणि गंमत म्हणजे हैदराबादही जवळजवळ तेवढंच. पृथ्वीच्या पोटातून पी लाटेला नऊ मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो. ३ सप्टेंबर २०१७, रविवार. नऊ वाजून नऊ मिनिटं व्हायच्या सुमारास ती केळीच्या बागांखालून निघून गेली.

चित्र पाठवण्यापूर्वी

एक गोष्ट भूकंपमापक कधीच सांगू शकत नाही: स्फोट अणूचा होता की रसायनांचा. १९९३ मध्ये नेवाडात मुद्दाम सुमारे एक किलोटनाचा रासायनिक स्फोट करून दोघांतला फरक शोधून पाहिला. भूकंपलाटा जवळपास सारख्याच निघाल्या. शिक्का लागतो तो हवेवरून. २००६ च्या कोरियन चाचणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफला झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू सापडला. फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीचा झेनॉन जपानच्या ताकासाकीला पोचायला ५५ दिवस लागले. काही चाचण्यांचा तर मागमूसही हवेत आला नाही, डोंगरानं पोटात ठेवला.

त्यामुळे पी दांडगी दिसली तरी चित्राखाली ‘स्फोटासारखं’ एवढंच लिहा, ‘अणुस्फोट’ नको. सोबत स्टेशनचं नाव, यूटीसी वेळ, फिल्टरचे दोन आकडे आणि तुलनेसाठी त्याच स्टेशनवरचा, त्याच भागातला एक उथळ भूकंप टाका. तुलनेचा भूकंप निवडताना कोरियाच्या उत्तर सीमेवर जपून: तिथे पाचशे किलोमीटरहून खोल भूकंपही होतात आणि त्यांची चित्रं आपल्या कामाची नाहीत. हे चार तपशील नसलेलं चित्र माझ्याकडे आलं तर मी ते उघडत नाही, आधी फोन करून फिल्टर विचारतो.